शब्द विणताना: राजकीय आणि अक्षरांच्या विणकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात आम्ही काही जण दर शनिवारी सुया घेऊन बसतो आणि शब्द विणतो. कधी मफलरवर, कधी स्वेटरच्या पाठीवर, कधी नुसत्या पट्टीवर. ऐरोली-वाशीपासून डोंबिवलीपर्यंतचे लोक प्रश्न पाठवतात, आणि बरेचसे प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, शुद्धलेखन तेवढं आमचं. टाके कसे घालायचे हे इथे मिळणार नाही. ते शेजारच्या काकूंना विचारा, त्या आमच्यापेक्षा चांगलं शिकवतील.

१. विणकाम आणि राजकारण? नेमकं करता काय तुम्ही?

सुयांवर विणलेल्या कापडातून सार्वजनिक प्रश्नावर काही म्हणतो. इथे राजकारणाचा पक्षाशी संबंध असायलाच हवा असं नाही. पाणी किती वाजता येतं, खाडीत भराव कोण टाकतं, घरकामाचा हिशोब कुणी का ठेवत नाही, हेही राजकारणच.

भरतकामाशी याची गल्लत होते. भरतकामात तयार कापडावर अक्षर चढवतात. विणकामात अक्षर आणि कापड एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे शब्द काढून टाकायचा तर कापडच उसवावं लागतं. आम्ही या माध्यमाला चिकटून आहोत ते मुख्यतः यासाठी.

२. हे जगात आधी कुणी केलंय का, की तुमचंच खूळ?

खूळ जुनं आहे. जर्मन कलावती रोझमारी ट्रोकेल हिने १९८०च्या दशकाच्या मध्यापासून मशीनवर विणलेली ‘चित्रं’ गॅलरीत टांगली. ती रंगवलेल्या कॅनव्हाससारखी चौकटीवर ताणलेली असत आणि त्यांवर प्लेबॉयचा ससा, विळा-हातोडा, शुद्ध लोकरीचं व्यापारचिन्ह अशी चिन्हं ओळीने उमटलेली असत. ‘मेड इन वेस्टर्न जर्मनी’ हा शिक्का तिने पुन्हा पुन्हा विणवून घेतला. १९८८ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं ‘कोगितो, एर्गो सुम’ (मी विचार करतो, म्हणून मी आहे) हस्ताक्षराच्या वळणात लोकरीत आणलं. ज्या कामाला घरगुती म्हणून कुणी मोजत नव्हतं, त्यात तत्त्वज्ञानाचं सगळ्यात मोठं वाक्य बसवणं यातली खोच वेगळी सांगायला नको.

लॉस एंजेलिसची लिसा अॅन ऑरबाक स्वेटरवर घोषणा विणते आणि ते घालून हिंडते. तिचं काम न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या २०१४च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होतं. तिच्या हातमोज्यांबद्दल प्रश्न ९ मध्ये वाचा, आमच्या मते या सगळ्या प्रकारातलं ते सर्वांत धारदार काम आहे.

डेन्मार्कची मारियान योर्गनसेन हिने एप्रिल २००६ मध्ये कोपनहेगनमध्ये एका खऱ्या लढाऊ रणगाड्याला ४,०००हून अधिक गुलाबी चौकोनांची गोधडी चढवली. इराक युद्धात डेन्मार्क सामील झाला, त्याचा तो निषेध. चौकोन वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी विणून पाठवले होते. अमेरिकेची कॅट मॅझा हिने नायकेच्या कंत्राटी कारखान्यांतल्या कामगारांसाठी २००३ ते २००८ या काळात एक अवाढव्य ब्लँकेट जमवलं. त्यातला प्रत्येक छोटा चौकोन म्हणजे अर्जावरची एक सही. अशा कामाला ‘क्राफ्टिव्हिझम’ म्हणतात, म्हणजे हस्तकलेतून केलेली चळवळ. २००३ पासून हा शब्द बेट्सी ग्रीअर या लेखिकेने रुळवला.

३. पुठ्ठ्यावर रंगाने लिहिलं तर पाच मिनिटांत होतं. मग एवढा खटाटोप कशाला?

मोर्चा उद्या असेल तर पुठ्ठाच घ्या, खरंच.

विणायचं असेल तर हिशोब बघा. मोठ्या माणसाच्या स्वेटरची छाती एका बाजूला साधारण ११० टाक्यांची. देवनागरी मजकुराची एक ओळ विणकामाच्या किमान १६ ओळींची (का, ते प्रश्न ६ मध्ये). म्हणजे दहा-बारा अक्षरांच्या एका वाक्याला १,७६० टाके, आणि त्यात पाठपोट, बाह्या काहीच धरलेलं नाही. एवढे टाके घालताना ते वाक्य तुम्हाला शेकडो वेळा वाचावं लागतं. रागाच्या भरात सुचलेली घोषणा तिसऱ्या दिवशी पोकळ वाटायला लागते, आणि हात थांबतो. जे वाक्य तेवढ्यातूनही टिकतं, ते कदाचित म्हणण्यासारखं असतं. विणकाम ही आमच्यासाठी वाक्याची परीक्षा आहे.

दुसरं कारण बघणाऱ्याच्या बाजूचं. फलक दिसला की लोक नजर चुकवतात. स्वेटर दिसला की जवळ येतात, हात लावतात, ‘स्वतः विणलंत?’ विचारतात. तोवर त्यांचं वाचून झालेलं असतं.

४. माझी आजी आयुष्यभर विणायची. मग तीही कलाकार म्हणायची का?

ती उत्तम कारागीर होती आणि त्याला कमीपणा नाही. कलाकृती ठरते ती काय म्हणायचं आहे यावरून, टाक्यांच्या सफाईवरून नव्हे. आमच्यातल्या काहींचे टाके आजीने बघितले असते तर तिने तिथल्या तिथे उसवले असते. पण आजीचं काम ‘वेळ जात नाही म्हणून’ या सदरात कुणी टाकलं, का टाकलं, हा प्रश्न तुम्ही लोकरीतून विचारलात तर तुमचं काम या पानावर बसतं.

५. ठाण्याच्या उकाड्यात लोकर? घामाने जीव जाईल.

जाईल, म्हणून अंगावर घालायचं असेल तर सुती धागा घ्या. भिंतीवर टांगायचं असेल तर अॅक्रिलिक चालतं, स्वस्त पडतं आणि रंग भरपूर मिळतात. नौपाडा, जांभळी नाका भागातल्या लेस-बटणं-सुईदोऱ्याच्या दुकानांत अॅक्रिलिक बाराही महिने असतं. खरी लोकर मात्र मागवावी लागते. सुती धाग्याला ताण नसतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा थोड्या वाकड्या दिसतात. एक नंबर बारीक सुई घेतली की बरंच सावरतं. आपल्याकडे सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन.

लोकरीचं आणि या शहराचं काही नातं नाही असं मात्र म्हणू नका. पोखरण रोडच्या बाजूला रेमंडची लोकरीच्या कापडाची गिरणी होती, १९२५ सालची. सुटाच्या कापडाचं ते नाव देशभर झालं ते ठाण्याच्या दमट हवेतून. आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. त्यावरही कुणीतरी विणायला हवं. आणि तुम्ही आत्ता अंगात घातलेला टी-शर्टही विणलेलाच आहे, फक्त मशीनवर आणि बहुधा तिरुप्पूरमध्ये.

६. सगळे नमुने इंग्रजी अक्षरांचे मिळतात. देवनागरी विणता येते का?

येते, पण नमुना स्वतः काढावा लागतो. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक टाका. इंग्रजी मोठी अक्षरं सात ओळींत भागतात. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांना ४ ओळी, शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ८ आणि खाली उकाराला ३ ओळी लागतात. झाल्या १६. यापेक्षा कमी ओळींत बसवायला गेलात तर ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसतात. काना दोन टाक्यांचा ठेवा. एका टाक्याचा काना लांबून दिसतच नाही.

खरी गंमत शिरोरेषेची. दोन रंगांनी विणताना जो रंग वापरात नाही तो मागून ओढत न्यायचा असतो, आणि चार-पाच टाक्यांपेक्षा लांब ओढला तर मागे लोंबणारे फास तयार होतात, बोट अडकतं, कापड आखडतं. शिरोरेषा तर अख्ख्या शब्दावरून सलग जाते. यावर आमचा उपाय असा: शिरोरेषेची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत अक्षराच्याच रंगात विणून टाका. मागे ओढायला दुसरा रंगच उरत नाही. काम पूर्ण झाल्यावर दोन शब्दांमधल्या जागेत कापडाच्या मूळ रंगाने, सुईत दोरा ओवून, त्याच टाक्यांवरून टाके फिरवा. शब्द सुटे होतात, आणि कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

विणण्याची दिशा सुरुवातीला डोकं फिरवते. स्वेटर खालून वर विणला जातो आणि उजव्या हाताचा माणूस सुलट ओळ उजवीकडून डावीकडे विणतो. त्यामुळे ‘न्याय’ विणताना सुईवर सगळ्यात आधी शेवटच्या ‘य’च्या कान्याचा तळ येतो. शिरोरेषा जवळजवळ शेवटी. उलट ओळीवर नमुना डावीकडून वाचायचा. तोवर काय लिहिलं जातंय ते शेजारी बसलेल्याला कळत नाही, याचा लोकलमध्ये फायदाच होतो.

७. वहीत अक्षर सुबक होतं, विणल्यावर बसकं झालं. काय चुकलं?

चौकट चौरस असते, टाका चौरस नसतो. ८ नंबरच्या सुईवर मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे वहीतलं १५ बाय १५ चौकटींचं अक्षर विणल्यावर पावणेसात सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच होणार. अक्षर वहीत मुद्दाम लांबुळकं काढा: तीन चौकटी रुंद तर चार उंच. आधी तळहाताएवढा तुकडा विणून स्वतःचे टाके मोजा, कारण हाताचा ताण प्रत्येकाचा वेगळा.

८. जोडाक्षरांचं काय? ‘महाराष्ट्र’ बसतच नाही!

‘ष्ट्र’ खाली उतरतो, त्याला आणखी तीन-चार ओळी द्या आणि सगळी ओळच तेवढी उंच धरा. ‘खड्डे’सुद्धा याच कारणाने त्रास देतो. ठाण्यात राहून हा शब्द टाळता येत नाही म्हणून आमच्याकडे त्याचा तयार नमुना आहे. पाय मोडून ‘खड्‌डे’ असं सुटं विणू नका, वाचणारा अडखळतो. ‘ल’ पाकळीचा, मराठी वळणाचा काढा; हिंदी फॉन्टवरून नमुना उतरवला की दांडीचा ‘ल’ येतो आणि शब्द परका दिसतो.

ऱ्हस्व-दीर्घ विणण्याआधी दोघांकडून तपासून घ्या. चुकलेली वेलांटी खोडरबराने जात नाही. एखाद-दुसरा टाका असेल तर वरून दोरा फिरवून झाकता येतो (प्रश्न ६ मधली युक्ती), शब्दच चुकला असेल तर उसवणं आलं.

९. मी एका चालू प्रकरणातला आकडा विणतेय आणि तो रोज बदलतोय. थांबू का?

थांबू नका. ऑरबाकने २००५ मध्ये हातमोज्यांचा एक नमुना सगळ्यांसाठी खुला केला. मोज्यावर तारीख विणायची आणि त्या तारखेपर्यंत इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या. एक मोजा संपून दुसरा सुरू होईपर्यंत दिवस गेलेले असतात, संख्या वाढलेली असते. त्यामुळे जोडीतल्या डाव्या-उजव्या मोज्यांवर आकडे वेगळे. दोन्हींमधली वजाबाकी म्हणजे तुम्ही विणत होतात तेवढ्या वेळात मेलेली माणसं.

विणकामाचा संथपणा तिने असा कामाला लावला. तुमच्या आकड्याशेजारी तारीख विणा. मग तो जुना होत नाही, नोंद होतो.

१०. कोणता मजकूर घ्यावा? सुचत नाही.

‘शांतता’, ‘समता’, ‘स्त्रीशक्ती’ हे शब्द विणायला सोपे आणि वाचणाऱ्याला तितकेच निरुपद्रवी. कुणालाही न खुपणारं वाक्य असेल तर प्रश्न ३ मधला पुठ्ठा बरा.

आपल्या भागात आधीपासून बोलले जाणारे शब्द घ्या. नवी मुंबईत ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द नुसते विणून टांगा; उरण-पनवेलच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत द्यायची योजना आली. एवढा इतिहास दोन शब्दांत मावतो. खाडीचंही तसंच. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, आणि तरी किनाऱ्यावरच्या तळ्यांत भराव पडत असल्याच्या तक्रारी थांबत नाहीत. गुलाबी लोकर वापरायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

बारा अक्षरांपेक्षा लांब वाक्य असेल तर मफलर आडवा विणा. दोन मीटरच्या मफलरला ४४० टाके लागतील, साध्या सुयांवर ते मावणार नाहीत, वायरची गोल सुई घ्या.

११. कविता किंवा भाषणातली ओळ विणली तर चालते?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ती मुदत संपली नसेल तर परवानगी मागा. कवी सहसा खूश होतात. संतांच्या ओळी मोकळ्या आहेत आणि कित्येक आजच्या घोषणांपेक्षा तिखट.

१२. क्रोशे चालतं का? मशीन?

दोन्ही चालतं. ट्रोकेल स्वतः विणायची नाही, ती नमुना संगणकावर करून मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्यायची. पण मशीनवर केलंत तर प्रश्न ३ मधलं वेळेचं कारण तुमच्या कामाला लागू होत नाही, मग दुसरं कारण शोधा. क्रोशात अक्षरं जाड येतात, मोठ्या टांगत्या कामाला छान.

१३. तलावपाळीच्या झाडांना किंवा पुलाच्या खांबांना विणलेलं गुंडाळायचं आहे. पोलीस पकडतील का?

परदेशात याला ‘यार्न बॉम्बिंग’ म्हणतात. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये मॅग्डा सायेगने २००५ मध्ये एका दाराच्या मुठीला विणलेलं कव्हर चढवलं तिथून ही लाट आली. आपल्याकडे सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्राचा १९९५चा कायदा आहे. ‘लोकर आहे, निघते’ हा बचाव कुणी ऐकेल या भरवशावर राहू नका. महापालिकेची लेखी परवानगी घ्या. अर्जात तारीख, जागा आणि काम कधी उतरवणार हे लिहा.

झाडांना आमचा नकारच असतो, परवानगी मिळाली तरी. भिजलेलं अॅक्रिलिक सालीला चिकटून महिनोन्‌महिने ओलं राहतं. जूनच्या आत काढलं नाही तर ते काम तुमच्या म्हणण्याच्या नेमकं विरुद्ध बोलायला लागतं. सोसायटीचं कुंपण, वाचनालयाचा हॉल, स्वतःची बाल्कनी या जागा कमी नाहीत.

१४. तिरंगा विणून त्यावर एक ओळ लिहिली तर?

नको. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१चा कायदा ध्वजावर कोणताही मजकूर लिहायला मनाई करतो. कमरेखालच्या वस्त्रावर, उशीवर, रुमालावर ध्वज आणणंही बसत नाही. हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागतं. तीन रंग वेगळ्या कामांत वेगळे वापरले तर तो ध्वज होत नाही, पण पट्ट्यांचा क्रम तोच ठेवलात तर वाद ओढवून घ्याल.

१५. आणि निवडणुकीत पक्षाचं चिन्ह विणलं तर? सोसायटीने गॅलरीतलं काम उतरवायला सांगितलं तर?

आचारसंहिता लागू असताना चिन्ह किंवा उमेदवाराचं नाव टांगणं म्हणजे प्रचारसाहित्य, त्याला प्रचाराचेच नियम लागतात. आमच्या शनिवारी कुठल्याच पक्षाची चिन्हं विणत नाही, पण हा आमचा नियम आहे, कलेचा नव्हे.

सोसायटीची गोष्ट वेगळी. दर्शनी भागावर काय लावावं याचे उपविधी असतात, ते आधी वाचा. काम गॅलरीच्या आतल्या दोरीवर वाळत घातल्यासारखं टांगलं तर सहसा कुणी बोलत नाही. वाळत घातलेल्या स्वेटरला हरकत घेणारा सेक्रेटरी आम्हाला अजून भेटायचा आहे. तोही भेटेल.

१६. शब्द न विणताही राजकीय काम होतं का?

होतं. जर्मन ताब्यातल्या नॉर्वेत लाल टोपी विरोधाची खूण झाली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये तिच्यावर बंदी आली. नुसती टोपी, एक अक्षर नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून ‘निटिंग नॅनाज’ या आज्या वायूच्या विहिरी खोदायच्या जागी आणि लोकप्रतिनिधींच्या ऑफिसबाहेर खुर्च्या टाकून विणत बसतात. तिथे बसणं हेच काम. २१ जानेवारी २०१७च्या अमेरिकेतल्या महिला मोर्चात गुलाबी कानवाल्या टोप्यांचा समुद्र होता. तिचा नमुना म्हणजे दुमडून शिवलेला साधा आयत, म्हणून ती इतकी पसरली. पण तोच गुलाबी रंग आणि तेच रूपक (टोपीचं नाव ‘पुसीहॅट’; इंग्रजीत ‘पुसी’ म्हणजे मांजरही आणि स्त्रीचं जननेंद्रियही) आपल्याला सामावून घेत नाही असं कृष्णवर्णीय आणि पारलिंगी स्त्रियांनी स्पष्ट सांगितलं. निःशब्द चिन्हाचा हा धोका आहे, प्रत्येक जण त्यात आपला अर्थ वाचतो.

१७. दहा जणींनी मिळून विणलं. नाव कुणाचं लावायचं?

सगळ्यांचं, किंवा कुणाचंच नाही. कल्पना एकीची आणि टाके नऊ जणींचे असतील तर ते तसंच लिहा. चौकोन जमवून काम करणार असाल तर माप आणि सुईचा नंबर आधीच सगळ्यांना कळवा, नाहीतर जोडताना रडकुंडीला याल.

१८. पुरुष येऊ शकतात का?

या. येताना सुया घेऊन या, सल्ले नकोत.

१९. पावसाळ्यात काम कसं जपायचं? मागचं कपाटात काळं पडलं.

ती बुरशी. खाडीकाठच्या हवेत बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं विणकाम हमखास धरतं. जुन्या मलमली साडीत किंवा सुती ओढणीत गुंडाळा, घडी न घालता गुंडाळी करा, आणि पाऊस उघडला की पंख्याखाली पसरा. खऱ्या लोकरीला कसर लागते, तिच्यासाठी सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबरगोळ्यांचा वास प्रदर्शनात लोकांना मागे हटवतो. धुताना लाल आणि पांढरं एकत्र असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल टाका दाबून बघा, फडक्याला रंग लागला तर ते काम पाण्यात घालू नका. झटकून, उन्हाच्या कवडशात थोडा वेळ ठेवून भागवा. टांगताना चिमटे लावू नका, अक्षरं ताणून खाली उतरतात. वरच्या कडेत पडद्याची काठी ओवा.